कानबाईचा बोल

रिक्षातून उतरता उतरता शोभाबाईंनी आधी ओट्यावरची खाट पाहिली. खाट रिकामी होती. म्हणजे माणूस नव्हतं. बाकी तिच्यावर लाल भोपळे होते, केळीची पानं होती, ओल्या फडक्यात गुंडाळलेला ऊस होता आणि सगळ्यांच्या वर एक पितळी परात पालथी घातलेली होती.

दोंडाईच्याला गाडीत बसल्यापासून ही खाट त्यांच्या डोळ्यांसमोर होती. तिच्यावर धाकटी जाऊ सुंदरा, पांघरुणात, भिंतीकडे तोंड करून. तिच्या उशाशी कसं बसायचं, काय बोलायचं, रडू आलं तर पदर कसा तोंडात धरायचा, सगळं त्यांनी सुरतेच्या वाटेवर नंदुरबार येईपर्यंतच ठरवून टाकलं होतं. भोपळ्यांशी काय बोलायचं ते मात्र ठरलेलं नव्हतं.

"रंजना! ओ रंजना!"

सुंदराची सून रंजना चुन्याने भरलेले हात पुसत धावत आली आणि वाकून पाया पडली.

"सुंदरा कोठे शे वं?"

"फिरायला गेल्यात, मोठ्या आत्या. येतीलच आता."

"फिराले? कसावर?"

"पायांवर," रंजना म्हणाली आणि हसू आवरायला तिने चुन्याचाच हात तोंडावर नेला.

मागून पिशव्या उतरवणारे हिलालभाऊ थांबले. घरातले ते थोरले; शोभाबाईंचे मालक आणि सुंदराच्या नवऱ्याचे मोठे भाऊ. त्यांनी टोपी काढून टक्कल पुसलं. "देख, म्हणे ना मी? ह्या सुरतवाला त्या बाईले नीट आजारी भी पडू देतस नहीत."

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी सुंदरा वळली. शोभाबाईंनी तिला चालीवरून ओळखलं नसतं, इतकी ती ताठ चालत होती. पूर्वीची सुंदरा वाकून, घाईघाईने, मागे कुणी लागल्यासारखी चालायची. आता मान वर होती, डोक्याला निळा रुमाल बांधलेला होता, लुगडं वीतभर वर खोचलेलं होतं आणि त्याखाली पायांत पांढरेशुभ्र कॅनव्हासचे बूट होते. शाळेतली पोरं कवायतीला घालतात तसले.

"अय माय, बाई! तुम्ही उन्यात!"

शोभाबाई मिठी मारायला धावल्या तशी सुंदराने हात आडवा केला. "धीरे, बाई. डावीकडून नको. उजवीकडून भेटा."

त्या उजवीकडून भेटल्या. भेटता भेटता हाताला हाड लागलं आणि त्यांना भडभडून आलं. पण नजर खाली गेली ती बुटांवर, आणि रडणं तिथेच अडकलं.

"हाई काय शे पायमा?"

"बूट."

"लुगडाखाले?"

"मंग काय डोकावर घालू?"

गल्लीतल्या बायका खळाखळा हसल्या. शोभाबाईही हसल्या, आणि मग मनातल्या मनात स्वतःवर चिडल्या. ह्यासाठी का त्या आल्या होत्या?

आल्या होत्या त्या कानबाईसाठी. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशातल्या प्रत्येक कुळात कानबाई बसते. वर्षभर जपून ठेवलेल्या नारळाला डोळे, नथ, दागिने घालून देवी उभी करायची, तिच्यापुढे रोट, म्हणजे कुळाच्या गव्हाचा नैवेद्य, मांडायचा, आणि सोमवारी सकाळी तिला डोक्यावर घेऊन वाजतगाजत नदीवर बोळवायची. माणूस कुठेही पोटाला गेलेलं असो, त्या दिवशी भाऊबंदांनी एका घरात जमायचं. हिलालभाऊंच्या आईचा शब्द होता की एक साल गावी आणि एक साल सुरतेला. प्लेगची साथ येऊन गेली त्याला तीन श्रावण झाले होते. सुरत तेव्हा अशी काही झाडूनपुसून लखलखीत झाली होती, की गावाहून आलेल्या माणसाला रस्त्यात थुंकायचीही भीती वाटावी.

पण ह्या खेपेला आणखी एक काम होतं आणि ते गावीच ठरून गेलं होतं. कानबाई झाली की सुंदराला गावी घेऊन जायचं. कायमचं.

सुंदराच्या छातीतल्या गाठीचं दुखणं दोन वर्षांचं. ऑपरेशन झालं, केस गेले, केस आले, सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. आणि होळीच्या सुमाराला डॉक्टरांनी तिच्या नवऱ्याला, वाल्मिकला, बाजूला घेऊन सांगितलं की ते आता हाडांत उतरलं आहे. गोळ्या आहेत, मशीनचा शेक आहे, दिवस चांगले जाऊ शकतात. पण ते निघून जाणार नाही. वाल्मिक त्या दिवशी यंत्रमागाच्या खात्यावर गेला आणि रात्रपाळी संपली तरी घरी आला नाही. गावापर्यंत बातमी पोचली तेव्हा तिच्यातलं बाकी सगळं गळून फक्त 'सुंदराचं संपलं' एवढंच उरलं होतं.

शोभाबाईंनी त्या दिवसापासून पुढची खोली रिकामी करायला घेतली होती. नव्या सुताची खाट विणून घेतली, गाभण गाय आणली, खिडकी मोठी केली. सुंदराने आता काही करायचं नाही. पडून राहायचं, दूध प्यायचं, आणि शोभाबाईंनी तिचे पाय चेपायचे. तिच्या लग्नात तिचे हात धरून तिला उंबरा ओलांडायला लावला होता तो त्यांनीच. तिला सांभाळायचं तर दुसऱ्या कुणी का?

---

चहा झाला, सुंदरा आंघोळीला गेली, आणि शोभाबाईंनी घरावर नजर फिरवली. कानबाई यायची म्हणजे घर कोपऱ्याकोपऱ्यापर्यंत पोतारलेलं लागतं. रंजनाने चुना चांगला दिला होता. पण स्वयंपाकघराच्या दाराशेजारी, माणसाच्या रुंदीचा एक पट्टा तसाच जुना, कळकट राहिला होता. वर त्याच्यावर पिवळे डाग. बोटांचे.

"नवी पोरं!" शोभाबाई पुटपुटल्या. "बरोबर देवीना समोर घाण ठेवी!"

त्यांनी पदर खोचला, बादलीतला उरलेला चुना ढवळला आणि कुंचला घेऊन तो पट्टा खालपासून वरपर्यंत असा काही रगडून काढला की एक डाग दिसेना. गुडघे कुरकुरत होते, पण मन प्रसन्न झालं. आल्या आल्या हाताला काम लागलं होतं.

रंजना आत आली आणि दारातच थबकली.

"मोठ्या आत्या! हे काय केलंत!"

"तुनं राहेल काम करं. काबरं?"

रंजनाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "ते मुद्दाम ठेवलं होतं. ते आत्यांचं होतं."

ऑपरेशननंतर सुंदराचा डावा हात खांद्याच्या वर जाईना. अशा आजारातल्या बायकांसाठी दर गुरुवारी भरणाऱ्या व्यायामाच्या वर्गात शिकवणाऱ्या निरंजनाबेनने सांगितलं, भिंतीसमोर उभ्या राहा, बोटं भिंतीवरून मुंगीसारखी वर चालवा, जिथे थांबतील तिथे खूण करा. पेन्सिल कोण शोधणार? सुंदराने हळदीत बोट बुडवलं. पहिली खूण कमरेच्या जरा वर. मग खांद्याशी. मग शेक चालू झाला तेव्हा परत खाली. मग हळूहळू वर. वर्षभराचा हात त्या पट्ट्यावर होता, आणि शोभाबाईंनी तो चुन्याखाली घातला होता.

शोभाबाईंच्या हातातला कुंचला ठिबकत राहिला. "माले काय म्हाईत वं... माले वाटनं डाग शेतस..."

सुंदरा न्हाणीतून बाहेर आली. ओले आखूड केस पोरासारखे उभे राहिले होते. तिने भिंत पाहिली, शोभाबाईंना पाहिलं, रंजनाला पाहिलं. मग ती स्वयंपाकघरात गेली, हळदीचा डबा घेऊन आली, बोट बुडवलं आणि भिंतीसमोर उभी राहिली.

बोटं वर चालू लागली. कमरेशी, खांद्याशी, कानाशी. तिथे जरा थांबली. सुंदराने तोंडाने हळू श्वास सोडला. बोटं पुन्हा निघाली. डोक्याच्या वर गेली. दाराच्या चौकटीच्या बरोबरीला आली. तिथे तिने बोट टेकवलं.

आणि ओल्या चुन्यावर ती हळद बघता बघता लाल झाली. कुंकवासारखी लालभडक.

"अय माय!" शोभाबाई ओरडल्या. "कुंकू!"

"कानबाईनं कुंकू!" शेजारची बाई दारातून ओरडली, आणि गल्लीतल्या बायका ते बघायला आत घुसल्या. चुन्यावर हळद पडली की लाल होते हे तिथल्या प्रत्येकीला पाठ होतं. प्रत्येकीने घरी कुंकू असं घोटलेलं होतं. तरी प्रत्येकीने हात जोडले. सुंदरा भिंतीला टेकून हसत होती, दम लागला होता, आणि म्हणत होती, "आते बरं झालं. जुनं पुसाई गयं. आते इथून वर."

बायका पांगल्यावर शोभाबाईंनी तिला खाली बसवलं. "सुंदरा, खरं सांग. तो वर्ग काय बरं करस का तुले?"

"नही बाई."

"मंग?"

"बरं कराना वर्गज नही तो. मी बरी व्हणार नही, हाई माले म्हाईत शे. डॉक्टरले मीच इचारं. यास्ले वाटस माले म्हाईत नही. मी भी बोलत नही, त्यास्ना जीवले बरं वाटस म्हणीसन." ती जरा थांबली. "तठे सगळ्या मन्हासारख्याज. हाडवाली, काळीजवाली, फुप्फुसवाली. काय खावानं, कसं चालानं, हात सुजना तर कसा चोळाना, झोप नही उनी तर श्वास कसा लेवाना. श्रावण लागाना आधी एक गयी आमनामधली. शेवटला गुरुवारले खुर्चीमा बठीसन हात हालवी राहिनती. आम्ही तिले टाळ्या वाजाड्यात."

"टाळ्या?"

"मंग काय रडाडू? रडानं काम घरना लोके करतसज."

---

रविवारी घर फुटेल इतकं भरलं. गोडादऱ्याहून भाचे आले, उधन्याहून चुलते आले. कुळातल्या पुरुषांच्या नावाने मुठीमुठीने घेतलेला गहू जात्यावर भरडला गेला, पुरण शिजलं, भोपळ्याची भाजी रटरटू लागली. सुंदरा उजव्या हाताने कणीक मळत होती आणि डाव्या हाताने हुकूम सोडत होती. संध्याकाळी कानबाई उभी राहिली. उसाच्या मांडवाखाली, नथ घालून, बरोबर त्या लाल बोटाच्या खाली. हिलालभाऊंनी विचारलं, हाई भिंतवर काय शे? सगळ्या बायका पदराआड हसल्या.

रोटाची पंगत उठल्यावर हिलालभाऊंनी वाल्मिकला आणि शोभाबाईंना ओट्यावर बोलावलं. भोपळे संपले होते. खाट मोकळी होती. तिच्यावर ते स्वतः मांडी घालून बसले.

"सकाळे तापीवर तू बोलशी," ते शोभाबाईंना म्हणाले. "कानबाई खाले उताराना आधी. सुंदरा गावले येई, इतलंज."

ह्या घरात एक रीत होती. कानबाई डोक्यावर असलेली बाई पाण्याच्या काठाशी जे बोलेल ते मोडायचं नाही. थोरल्याने नाही, धाकट्याने नाही. फार क्वचित कुणी बोलत असे. सासूबाई एकदाच बोलल्या होत्या, गावच्या पांझरा नदीच्या काठी: 'वाल्मिक सुरतले जाई.' जमीन एवढीशी आणि भाऊ दोघे. पण हिलालभाऊ धाकट्याला सोडायला तयार नव्हते. त्या एका वाक्याने वाल्मिक सुरतेला आला, मागावर उभा राहिला, आणि ह्या घराच्या भिंती उभ्या राहिल्या. आता तसंच एक वाक्य शोभाबाईंच्या तोंडून निघायचं होतं.

"तिले इचारं का?" वाल्मिक हळूच म्हणाला.

"इचारसू तर ती नही म्हणी. म्हणीसनज बोल लेवाना शे."

चहा घेऊन आलेली रंजना दारातच उभी राहिली. "मोठे मामा, तिकडे त्यांना दुखायला लागलं तर? इथे रिक्षात घातलं की दवाखाना. तिकडे धुळ्यापर्यंत..."

"दुखी तर आम्ही शेत ना."

"तुम्ही असाल हो, पण इंजेक्शन कोण देणार? आणि गुरुवार?"

"गुरुवार आमना गावले भी येस," हिलालभाऊ म्हणाले.

वाल्मिकला हसू आलं, ते त्याने खोकल्यात घातलं. रंजना त्याच्याकडे वळली. "मामा, तुम्ही तरी बोला ना!"

"दादा मोठा शे," वाल्मिक म्हणाला. जन्मभर तो मागांच्या खडखडाटात काम करत आला होता. घरात आला की त्याचा आवाज जणू खात्यावरच राहायचा.

"माणूसनी आपला लोकेस्मा पडी राहानं," हिलालभाऊ म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "माय आपली तठेज गयी. मना डोयासमोर. ती भी मना डोयासमोर ऱ्हावो. आठे परकास्मा..."

शोभाबाईंना त्यांची माया कळत होती. तीच माया त्यांच्याही पोटात होती, खाट विणून तयार होती, गाय व्याली होती. "बोलसू मी," त्या म्हणाल्या. रंजना कप तसेच ठेवून आत निघून गेली.

---

सोमवारी टेम्पो सहारा दरवाज्यापाशी थांबला. सुंदराचं घर नवागामात, तिथून तापी दूर. म्हणून देवी मांडीवर घेऊन तिथपर्यंत गाडीने यायचं आणि तिथून पुढे नदीपर्यंत ती डोक्यावर घेणाऱ्या बाईने अनवाणी चालायचं, हा सुरतेतला रिवाज. इतकी सालं इथली कानबाई सुंदरानेच डोक्यावर घेतली होती. ह्या वर्षी ती घेणार नाही हे आधीच ठरलं होतं; तिनेच चौरंग उचलून शोभाबाईंच्या डोक्यावर द्यायला सांगितला.

"माले डोकावर काही लेवानं नही. पाठनं हाड कच्चं शे, निरंजनाबेनना हुकूम. तुम्हीज ल्या, बाई."

चौरंग डोक्यावर बसला. शोभाबाईंची मान ताठ झाली. ढोल वाजला, आणि त्याच वेळी समोरच्या बंद दुकानाच्या पायऱ्यांवरून सात-आठ बायका उठून आल्या. कुणी गुजराती पद्धतीचा पदर घेतलेली, एक बुरख्यातली, एक सलवार-कमीज घातलेली. सगळ्यांच्या पायांत तेच पांढरे कॅनव्हासचे बूट.

"ही कोणती पलटण?" हिलालभाऊंनी विचारलं.

"गुरुवारची," रंजना म्हणाली.

"आम्ही फक्त चालणार हं," सलवार-कमीजवाली पुढे होऊन म्हणाली. ती बँकेतली अलका, मूळची सांगलीकडची. "रोटाला हात लावायचा नाही, तो भाऊबंदांचा, हे सुंदराने बजावून सांगितलंय. देवीबरोबर चालायला तर भाऊबंद असावं लागत नाही ना, आजी?"

शोभाबाईंना मान हलवता येत नव्हती. "चाला," त्या म्हणाल्या.

आणि काय ती मिरवणूक निघाली! पुढे ढोल-पिपाणी, त्यामागे गोडादऱ्याचे भाचे शर्ट घामाने चिंब होईपर्यंत नाचताहेत, मध्ये फुगड्या घुमताहेत, गुलाल उधळतोय. बाजारातले हमाल कापडाचे गठ्ठे खाली ठेवून हात जोडताहेत. गुजराती बायका खिडक्यांतून तांदूळ टाकताहेत. गुरुवारच्या बायका फुगडी खेळत नव्हत्या. त्या टाळ्यांनी ठेका धरून, गरब्यासारखी पावलं टाकत दोन्ही बाजूंनी चालत होत्या. मध्येच निरंजनाबेन, चष्मा सावरत, सगळ्यांवर नजर ठेवून. "बहु सरस! धीमे, बेन, धीमे."

पाऊस नुकताच पडून गेला होता आणि ऊन असं चिकटलं होतं की विचारू नका. अर्ध्या वाटेवर शोभाबाईंचे गुडघे बोलू लागले. मग कंबर. मग श्वास छातीत वरच्यावर अडायला लागला. डोक्यावरची देवी वाटेत उतरवायची नसते. उतरवली तर बोल गेला, मान गेला, सगळं गेलं. डोळ्यांसमोर ढोलवाल्याची पाठ पुसट झाली.

त्यांच्या उजव्या कोपराला एक हात लागला. हाडाचा, कोरडा, पण पक्का.

"बाई, घाई करी राहिन्यात तुम्ही," सुंदरा म्हणाली. "ढोलनामांगे पळू नका. नाकमाईन श्वास ल्या. तोंडमाईन सोडा. पाऊल टाकतस तधळज सोडा. हां. आते बोला काहीतरी."

"बो... बोलू? आते?"

"आमना नियम शे. चालता चालता बोलता उनं पाहिजे. बोलता नही उनं तर जास्त जोरबन चाली राहिनात, असं समजानं. बोला. काही भी."

काहीही म्हणजे काय बोलणार? जे मनात होतं तेच तोंडात आलं. "तुनासाठे... खाट विणी ठेवी..."

"हां. पाऊल टाका. मंग?"

"गाय लिन्ही... खिडकी मोठी करी... तुले गावले..." आणि शोभाबाईंच्या लक्षात आलं की त्या काय बोलून बसल्या.

सुंदराचा हात कोपरावरून हलला नाही. "म्हाईत शे माले. रातले यास्नी सांगं. रडनात आणि सांगं. जन्ममा पहिलांदाव माले काही आपल्या तोंडमाईन सांगं त्यास्नी." ती चालत राहिली. "तुमना तोंडमाईन जे निंघी ते मी मोडणार नही, बाई. तुम्ही माले ह्या घरमा आणेल शे. पण दम नका सोडू. श्वास ल्या."

शोभाबाईंनी श्वास घेतला. पाऊल टाकलं. सोडला. दुसऱ्या कोपराला अलकाचा हात आला, पाठीमागे निरंजनाबेनचा तळवा नुसता टेकलेला, ढकलत नव्हता, आहे एवढंच सांगत होता. चारी बाजूंनी पांढरे बूट एका ठेक्यात पडत होते. ज्यांना गावी लोक शेवटच्या म्हणाले असते अशा ह्या बायका, आणि त्या सगळ्या मिळून एका धडधाकट बाईला नदीवर पोचवत होत्या.

असं पडून राहिलेलं माणूस कसं दिसतं ते शोभाबाईंनी पाहिलं होतं. सासूबाईंचे शेवटचे महिने त्यांनीच काढले होते. भिंतीकडे तोंड, आणि जो येईल तो उशाशी बसून रडायचा. परवा गाडीत बसून त्यांनी सुंदरासाठी तेच ठरवलं होतं, पदर तोंडात धरण्यापर्यंत. त्यांना एकाएकी त्या नव्या खाटेचा राग आला. तिच्या विणीचा, तिच्या कोऱ्या सुताचा राग आला.

"बोलता येस का?" सुंदराने विचारलं.

"येस," शोभाबाई म्हणाल्या. आणि खरंच येत होतं.

तापी समोर आली. श्रावणातली, गढूळ, काठोकाठ. घाटाच्या पायऱ्या गुलालाने लाल झाल्या होत्या. शोभाबाई शेवटच्या पायरीवर उभ्या राहिल्या, पाणी घोट्यांना लागलं. हिलालभाऊंनी हात वर केला तसा ढोल थांबला. वाल्मिक आणि रंजना खालमानेने उभे होते. कुळातले सगळे पुरुष, सगळ्या बायका पायऱ्यांवर पुढे सरकल्या. देवी उतरवण्याआधी ढोल थांबला की काय होणार ते जाणत्यांना ठाऊक होतं.

"बोल," हिलालभाऊ म्हणाले.

शोभाबाईंनी नाकाने श्वास घेतला आणि तोंडाने सोडला.

"सुंदरा आठेज राही," त्या म्हणाल्या. आवाज इतका खणखणीत निघाला की पलीकडच्या घाटावरच्या कानबाईवाल्यांनीही वळून पाहिलं. "सुरतमा. तिना गुरुवार कोणी मोडानं नही. आणि पुढला साल कानबाई परत आठेज बसी, गावले नही. आपण सर्वा येसूत."

मग रंजनाने किंकाळीच फोडली आणि सुंदराच्या गळ्यात पडली, उजवीकडून. निरंजनाबेनला काही कळलं नव्हतं, अलकाने तिच्या कानात सांगितलं, तशी ती बाई चष्मा काढून चक्क नाचायलाच लागली. आणि वाल्मिक, ज्याचा आवाज घरात कुणी धड ऐकला नव्हता, तो कुळाच्या मधोमध हात उंच करून ओरडला, "कानबाई मायना..."

"जय!" सगळा घाट ओरडला.

हिलालभाऊ एकटेच तोंड उघडं टाकून उभे होते. बोल पडला होता, मोडता येत नव्हता. त्यांनी बायकोकडे पाहिलं, सुंदराच्या बुटांकडे पाहिलं, परत बायकोकडे पाहिलं.

"आणि ती नवी खाट?" शेवटी त्यांनी विचारलं.

शोभाबाईंनी दोन्ही हातांनी चौरंग डोक्यावरून हळूच उचलला.

"तिनावर," त्या म्हणाल्या, "भोपळा ठेवा."

आणि कानबाईला घेऊन त्या पाण्यात उतरल्या.